डोपामीनचं पीक दर स्कॅनला का घटतं?

दुपारी तीनच्या सुमारास एमएस्सीच्या प्रकल्पावरची एक मुलगी लॅपटॉप उघडाच घेऊन माझ्या टेबलाशी आली. पडद्यावर एकावर एक वीस व्होल्टॅमोग्राम, म्हणजे इलेक्ट्रोडवरचं व्होल्टेज फिरवत काढलेले प्रवाहाचे आलेख, एका फेरीचा (स्कॅनचा) एक. पहिल्याचं पीक, म्हणजे प्रवाहाचं शिखर, २.१ मायक्रोअँपवर, विसाव्याचं १.२ वर, मधली सगळी जिन्याच्या पायऱ्यांसारखी उतरत गेलेली. "ताई, सकाळपासून तीनदा पॉलिश केलं. केलं की वर येतं, मग परत खाली. जेवून आले तर आणखीच पडलेलं. इलेक्ट्रोड बदलू का?"

ती "जेवून आले तर" जे म्हणाली, तिथेच मी कान टवकारायला हवे होते. टवकारले नाहीत. त्यात अख्खा दिवस गेला. ते पुढे सांगते.

जुळणी नेहमीचीच होती. ३ मिलिमीटर व्यासाचा ग्लासी कार्बनचा इलेक्ट्रोड, ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजायचं तो सिल्व्हर–सिल्व्हर क्लोराइडचा रेफरन्स, प्लॅटिनमची तार, ७.४ पीएचचा फॉस्फेट बफर आणि त्यात १०० मायक्रोमोलर डोपामीन. डोपामीनसारखे न्यूरोट्रान्समीटर, म्हणजे मज्जापेशींचे निरोप पोचवणारे रेणू, विजेने मोजायला घेतलेल्या प्रत्येकाच्या वाट्याला ही घट येतेच, आणि बहुतेकजण एकच उपाय करतात: पॉलिशचं पॅड काढा, इलेक्ट्रोड घासा. शेतातलं पीक घटलं तर शेतकरी आधी बियाणं बघतो, पाणी बघतो, मग जमिनीकडे वळतो. आपण थेट नांगर धरतो. पॉलिश केल्यावर आकडा वर येतो, म्हणून दोष पृष्ठभागाचाच, असं वाटतं. पण पॉलिश करताना तुम्ही सेल, म्हणजे मोजणीचं भांडं, उघडता, द्रावण हलतं, रेफरन्स बाहेर काढून परत बुडवता, कित्येकदा नवं द्रावण घेता. आकडा यातल्या कशाने वर आला, हे त्या गडबडीत कळत नाही.

म्हणून पॅडला हात लावण्याआधी आलेख नीट बघा. पीक फक्त बुटकं होतंय की डावी-उजवीकडे सरकतंयही? आणि उणे ०.२५ व्होल्टच्या आसपास, पहिल्या स्कॅनला नसलेला छोटा उंचवटा दुसऱ्या स्कॅनपासून दिसू लागलाय का? निम्मं निदान इथेच होतं.

जी घट घटच नाही

पहिल्या आणि दुसऱ्या स्कॅनमध्ये पडणारा फरक बऱ्याचदा खोटा असतो. स्थिर द्रावणात पहिला स्कॅन झाला की इलेक्ट्रोडला लागून असलेल्या थरातलं डोपामीन संपलेलं असतं. लगेच दुसरा स्कॅन लावलात तर दुरून नवं डोपामीन तिथे पोचलेलंच नसतं. त्यात कार्बनवर डोपामीन थोडं चिकटून बसतं. इलेक्ट्रोड बुडवून दोन मिनिटं फोनवर बोललात तर तेवढ्यात जमलेला साठा पहिल्या स्कॅनला एकदम निघतो आणि पीक फुगतं.

तपासणं सोपं आहे. चुंबकी दांडी पंधरा सेकंद हळू फिरवा, बंद करा, आणखी पंधरा सेकंद थांबा, मग स्कॅन घ्या. पीक जागेवर परत आलं तर इलेक्ट्रोड ठणठणीत आहे, घाई तुमची होती. चिकटण्याचा वाटा किती हे बघायचं असेल तर स्कॅनचा वेग बदलून बघा. पिकाची उंची वेगाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढली तर डोपामीन द्रावणातून येतंय, सरळ वेगाच्या प्रमाणात वाढली तर ते आधीच पृष्ठभागावर बसलेलं आहे.

बियाणं: द्रावण

केळफुलाची भाजी ज्यांनी केली आहे त्यांना हा भाग निम्मा ठाऊक आहे. हाताला तेल लावून केळफूल सोलायचं, चिरलं की लगेच ताकाच्या पाण्यात टाकायचं, नाहीतर बोटं आणि भाजी दोन्ही काळी. केळीच्या सालीत तर खुद्द डोपामीनच भरपूर असतं, आणि साल काळी पडते ती त्याच्या ऑक्सिडीकरणाने. केळीत हे काम एक विकर करतं, आपल्या बाटलीत हवेतला ऑक्सिजन करतो, इलेक्ट्रोडवर व्होल्टेज करतं. शेवट तिन्हीकडे सारखा, काळपट आणि चिकट.

बाटलीत काय घडतं ते बघू. डोपामीन दोन इलेक्ट्रॉन आणि दोन प्रोटॉन गमावतं आणि त्याचं क्विनोन होतं. या क्विनोनच्या शेपटीला अमाइन गट असतो. त्याच्यावर प्रोटॉन बसलेला असला तर तो गप्प राहतो, नसला तर वळून स्वतःच्याच कड्यावर चाल करतो आणि दुसरं कडं बंद होतं. मग आणखी ऑक्सिडीकरण होऊन डोपामीनक्रोम बनतं, आणि त्यापुढे रेणूंना रेणू जोडत मेलॅनिनसारखा पदार्थ. आम्लात अमाइनवरचा प्रोटॉन उतरत नाही, म्हणून ही साखळी अडते. ताकाचं पाणी विकराला अडवतं, आपलं आम्ल अमाइनला. कारण वेगळं असलं तरी हुशारी तीच.

तेव्हा मूळ द्रावण बफरमध्ये करून ठेवू नका. डोपामीन हायड्रोक्लोराइडचा रेणुभार १८९.६४ आहे. १० मिलिलिटर, १० मिलिमोलरसाठी १८.९६ मिलिग्रॅम घ्या, ते ०.१ मोलर परक्लोरिक आम्लात विरघळवा, बाटलीला फॉइल गुंडाळा आणि फ्रिजमध्ये ठेवा. बफरमधलं पातळ द्रावण मोजणीच्या आधी, लागेल तेवढंच करा. सकाळी दहाला केलेलं १०० मायक्रोमोलर दुपारी चारला १०० मायक्रोमोलर नसतं. मे महिन्यात, वीज गेलेली असताना तर नसतंच. बीकरखाली पांढरा कागद धरून वरून बघा. गुलाबी-तपकिरी झाक दिसली तर ते द्रावण ओतून द्या.

आता इथला एक बारीक सापळा. १० मिलिमोलरवरून १०० मायक्रोमोलर म्हणजे शंभरपट पातळ. आम्लही शंभरपट पातळ होतं, म्हणजे १ मिलिमोलर. बाजारात मिळणाऱ्या गोळ्या विरघळवून केलेल्या बफरमध्ये फॉस्फेट जेमतेम १० मिलिमोलर असतं. एवढ्या आम्लाने पीएच सुमारे ०.२ ने उतरतो. डोपामीनचं पीक दर एक पीएचला ५९ मिलिव्होल्ट सरकतं, म्हणजे इथे १२-१४ मिलिव्होल्ट उजवीकडे. कॅलिब्रेशन करताना, म्हणजे कुठल्या संहतीला किती पीक येतं ते बघताना, त्याच बीकरमध्ये मूळ द्रावणाचे थेंब टाकत गेलात तर प्रत्येक थेंबाला पीक आणखी सरकत जातं आणि तुम्ही रेफरन्सला शिव्या घालत बसता. फॉस्फेट ०.१ मोलर घ्या, नाहीतर मूळ द्रावणातलं आम्ल कमी करा.

त्या मुलीचं द्रावण सकाळी दहाचं होतं. ताजं केलं, तोच इलेक्ट्रोड पॉलिश न करता फक्त धुऊन बुडवला. थोडं वर आलं. पुरतं नाही.

पाणी: रेफरन्स

पीक सरकत असेल तरच या भागात वेळ घालवा. उंची घटतेय आणि जागा हलत नाही, असं असेल तर पुढे जा.

माझा स्वतःचा किस्सा सांगते, म्हणजे तुमचा आठवडा वाचेल. नवी होते तेव्हा आम्लात डोपामीन कसं वागतं ते बघायचं म्हणून मी ०.१ मोलर परक्लोरिक आम्लातच दिवसभर स्कॅन घेतले. छान आले. दुसऱ्या दिवशी बफरमध्ये परत गेले तर सगळी पिकं हलायला लागली, तासातासाला वेगळ्या जागी, आणि आलेखाला दातेरी कड. दोन दिवस कार्बन घासला. तिसऱ्या दिवशी रेफरन्स उजेडात धरला, तेव्हा टोकाच्या सच्छिद्र काचेत पांढरी भुकटी भरलेली दिसली. आत ३ मोलर पोटॅशियम क्लोराइड, बाहेर परक्लोरेट, आणि पोटॅशियम परक्लोरेट थंड पाण्यात जेमतेम विरघळतं. दोघांची गाठ त्या छिद्रांमध्ये पडली आणि तिथेच स्फटिक झाले. टोक कोमट पाण्यात बराच वेळ ठेवलं, भरण बदललं, मग रेफरन्स माणसात आला. परक्लोरेटमध्ये काम करायचंच असेल तर भरण सोडियम क्लोराइडचं घ्या किंवा दोन कप्प्यांचा रेफरन्स वापरा. मूळ द्रावणातलं आम्ल बफरमध्ये शंभरपट पातळ होऊन येतं तेव्हा हा धोका नसतो.

रेफरन्स तपासायला साधा मल्टिमीटर पुरतो. लॅबमध्ये एक चांगला रेफरन्स कोणालाही मोजणीसाठी न देता वेगळा ठेवा. तो आणि संशयित असे दोन्ही ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडच्या एकाच बीकरमध्ये बुडवा आणि फरक बघा. पाच मिलिव्होल्टच्या आत असेल तर सोडून द्या. दहाच्या वर गेला तर भरण बदला. तरीही हटत नसेल तर रेफरन्स बदला. रात्री तो कोरडा ठेवू नका, आणि डिस्टिल्ड वॉटरमध्ये तर मुळीच नाही, कारण आतलं क्लोराइड हळूहळू बाहेर झिरपतं. हे सगळ्यांना माहीत असतं, आणि दर सोमवारी एक तरी रेफरन्स डिस्टिल्ड वॉटरमध्ये उभा सापडतोच.

आलेखावर नुसती थरथर असेल, नियमित लाटांसारखी, तर ती ५० हर्ट्झची मेन्सची वीज. फॅरेडे केज (बाहेरची वीज अडवणारी धातूची पेटी), अर्थिंग आणि शेजारचा स्टररचा अडॅप्टर बघा. घट त्याने होत नाही.

जमीन: पृष्ठभाग

द्रावण ताजं, रेफरन्स जागेवर, ढवळून-थांबूनही पीक खाली, आणि उणे ०.२५ व्होल्टला दुसऱ्या स्कॅनपासून उंचवट्यांची छोटी जोडी. आता मात्र इलेक्ट्रोडवर थर चढतोय असं म्हणायला हरकत नाही. ती जोडी म्हणजे कडं बंद झालेल्या रेणूची, डोपामीनक्रोम आणि त्याच्या क्षपित रूपाची ये-जा. क्विनोन नुसतं बनत नाहीये, पुढेही चाललंय, याची ती साक्ष आहे. पुढचा टप्पा पॉलिडोपामीनचा. काच, स्टील, प्लास्टिक, जवळपास कशालाही धरून बसणारा हा थर आहे. २००७ पासून साहित्यशास्त्रवाले तो मुद्दाम चढवतात, ८.५ पीएचच्या ट्रिस बफरमध्ये वस्तू नुसती बुडवून. त्यांचं वरदान, आपला ताप.

पुरावा हवा असेल तर इलेक्ट्रोड पॉलिश न करता, नुसता धुऊन, १ मोलर पोटॅशियम क्लोराइडमधल्या १ मिलिमोलर फेरिसायनाइडमध्ये बुडवा आणि सेकंदाला १०० मिलिव्होल्टने स्कॅन घ्या. ३ मिलिमीटरच्या स्वच्छ कार्बनला सुमारे साडेसोळा मायक्रोअँप यायला हवेत, हा आकडा पिकाची उंची सांगणाऱ्या रँडल्स–सेव्हचिक समीकरणातून निघतो. जातानाच्या आणि परततानाच्या पिकांमधलं अंतर सिद्धांताप्रमाणे ५९ मिलिव्होल्ट. ६५ ते ८० आलं तर मी खूश असते, शंभरच्या वर गेलं तर पृष्ठभागावर काहीतरी बसलंय.

नाफिऑन या पॉलिमरचा थर लावलेल्या इलेक्ट्रोडवर मात्र ही परीक्षा घेऊ नका. नाफिऑनवर ऋण भार असतो आणि फेरिसायनाइडवरही. थर त्याला आत घेतच नाही, पीक मरतुकडं येतं आणि चांगला इलेक्ट्रोड नापास होतो. तिथे धन भाराचं हेक्झाअमाइन रुथेनियम वापरा. ही चूक मी पीएचडी करणाऱ्यांनाही करताना पाहिली आहे, आणि त्यापायी व्यवस्थित लागलेला नाफिऑनचा थर खरवडून काढतानाही.

पॉलिशबद्दल. अॅल्युमिनाची पूड आधी १, मग ०.३, मग ०.०५ मायक्रॉन, प्रत्येकाला वेगळं पॅड. हात इंग्रजी आठच्या आकड्यात फिरवा, जोर बोटांच्या टोकांइतकाच. उन्हाळ्यात पंख्याखाली स्लरी दोन मिनिटांत वाळते, तिचे खडे होतात आणि ०.०५ च्या पॅडवर १ मायक्रॉनचे ओरखडे पडतात, म्हणून मध्ये मध्ये पाण्याचे थेंब टाका. शेवटी इलेक्ट्रोड तिरका धरून त्यात छताच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघा. रेघ सरळ आणि धारदार दिसली पाहिजे. फुटलेली किंवा पांढुरकी दिसली तर परत. मग पाण्यात आणि इथेनॉलमध्ये एकेक मिनिट सोनिकेट करा, म्हणजे अल्ट्रासाउंडने हलवून धुवा. त्याहून फार जास्त नको, कार्बन आणि टेफ्लॉनची सांधी सैल होते आणि त्या फटीत द्रावण शिरलं की पार्श्वभूमीचा प्रवाह फुगतो. सोनिकेट टाळलं तरी चालत नाही. पृष्ठभागावर राहिलेली अॅल्युमिना डोपामीनसारख्या कॅटेकोलांना धरते, पहिले काही स्कॅन उगीच देखणे येतात, अॅल्युमिना सुटत जाते तशी पिकं उतरतात. घासल्यामुळे आलेली घट घालवायला मुलं पुन्हा घासतात.

थर चढल्यावर काढण्यापेक्षा चढू न देणं स्वस्त. सायक्लिक व्होल्टॅमेट्री (व्होल्टेज वर नेऊन परत आणायची पद्धत) निदानासाठी ठेवा, मोजणी डिफरन्शियल पल्सने (छोट्या ठोक्यांनी व्होल्टेज एकाच दिशेने चढवायच्या पद्धतीने) करा. डोपामीनचं पीक ०.१५ ते ०.२ व्होल्टला येत असेल तर ०.८ पर्यंत जाण्याचं काही कारण नाही, ०.४ ला थांबा. त्या मुलीची व्होल्टेजची खिडकी उणे ०.४ ते ०.८ होती. का, तर "पेपरमध्ये तशी होती." खालची बाजू वर ओढताना मात्र भान ठेवा. उणे ०.१ पासून सुरुवात केलीत तर उणे ०.२५ ची ती जोडी दिसणारच नाही. साक्षीदाराला बाहेर काढलं म्हणजे गुन्हा थांबला असं होत नाही, म्हणून आधी एकदा रुंद खिडकीत बघून घ्या. संहतीही उगीच जास्त ठेवू नका. १०० मायक्रोमोलरला पीक सुबक दिसतं, पण क्विनोनही तेवढंच बनतं, आणि जिवंत ऊतींमध्ये तेवढं डोपामीन तुम्हाला कुठेच भेटणार नाही.

पीक घटतंय, पण इलेक्ट्रोड स्वच्छ आहे

असंही होतं, आणि ते ओळखायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. द्रावणात ॲस्कॉर्बिक आम्ल असेल तर हा भाग दोनदा वाचा.

मेंदूतल्या पेशींबाहेरच्या द्रवात ॲस्कॉर्बेट काही शे मायक्रोमोलर असतं. डोपामीन त्याच्यापुढे किरकोळ, विश्रांतीच्या अवस्थेत काही नॅनोमोलर ते काही दहा नॅनोमोलर. साध्या कार्बनवर दोघांची पिकं एकमेकांच्या अंगावर येतात. हे सगळे सांगतात. सांगत नाहीत ते पुढचं. इलेक्ट्रोडवर बनलेल्या क्विनोनला ॲस्कॉर्बेट परत डोपामीन करून टाकतं, ते डोपामीन पुन्हा ऑक्सिडाइज होतं, तोच रेणू दोनदा-तीनदा मोजला जातो. पीक फुगतं. शिवाय क्विनोन तिथल्या तिथे संपल्यामुळे थरही कमी चढतो. सगळं छान चाललंय असं वाटतं.

मग तासाभराने पीक उतरायला लागतं, कारण उघड्या बीकरमधलं ॲस्कॉर्बेट हवेने संपत आलेलं असतं. पाण्यात तांब्याचा किंवा लोहाचा अंश असेल तर आणखी लवकर. फेरिसायनाइड टाकून बघावं तर इलेक्ट्रोड चकचकीत. अशा वेळी ताजं ॲस्कॉर्बेट घाला. पीक परत वर आलं तर घटलेलं डोपामीन नव्हतं, त्याला फुगवणारा गडी निघून गेला होता.

उपाय म्हणजे ॲस्कॉर्बेटला आत येऊच न देणं. ७.४ पीएचला डोपामीनवर धन भार असतो आणि ॲस्कॉर्बेटवर ऋण. नाफिऑनचा पातळ थर एकाला आत ओढतो, दुसऱ्याला ढकलतो. ५ टक्क्यांचं नाफिऑन इथेनॉलमध्ये दहापट पातळ करून एक छोटा थेंब टाका आणि सावकाश वाळू द्या. पावसाळ्यात तो वाळता वाळत नाही आणि ढगाळ डाग पडतात, तेव्हा डेसिकेटर गाठा. जाड थर लावलात तर ॲस्कॉर्बेट नक्की अडेल, पण डोपामीनही रांगत येईल. सेकंदात होणारा बदल मोजायचा असेल तर तो इलेक्ट्रोड बाद.

याच ॲस्कॉर्बेटने मोठमोठ्यांना चकवलं आहे. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठात राल्फ ॲडम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली उंदराच्या मेंदूत कार्बन पेस्टचा इलेक्ट्रोड बसवून पिकं नोंदवली. मेंदूतलं रसायन जागच्या जागी विजेने मोजायची ती सुरुवात. पुढे कळलं की त्या संकेतात मोठा वाटा ॲस्कॉर्बेटचाच होता. नाफिऑनचं कवच चढवलेले इलेक्ट्रोड मेंदूत वापरल्याचं काम १९८४ साली आलं, तेही ॲडम्स यांच्याच गटाच्या सहभागाने.

बफरमधून बाहेर पडल्यावर

बफरमध्ये दोन तास टिकलेला इलेक्ट्रोड सीरममध्ये दहा मिनिटांत मान टाकतो. अल्ब्युमिनसारखी प्रथिनं कार्बनवर बसतात, आणि ती डोपामीन असो-नसो, बसतातच. पेशींवर काम करणाऱ्यांनी आणखी एक बघावं. माध्यमाला गुलाबी रंग देणारा फेनॉल रेड हाही फेनॉलच आहे, ऑक्सिडाइज होतो आणि चिकटतो. उंदराच्या अधिवृक्क ग्रंथीतल्या गाठीपासून मिळालेल्या पीसी१२ पेशी डोपामीन सोडतात म्हणून सगळ्यांच्या आवडत्या, पण त्यांच्या माध्यमात सीरमही असतं आणि फेनॉल रेडही. मोजणीपुरतं माध्यम काढून साधं खारं बफर घाला.

मेंदूत काम करणारे पॉलिश करूच शकत नाहीत. सात मायक्रॉनचा कार्बन फायबर, कवटीत बसलेला, त्याला पॅडवर कोण घासणार? त्यांची युक्ती वेगळी आहे. फास्ट स्कॅन पद्धतीत व्होल्टेज उणे ०.४ वरून १.३ व्होल्टपर्यंत आणि परत, सेकंदाला ४०० व्होल्ट या वेगाने जातं, सेकंदातून दहा वेळा. पूर्ण फेरी साडेआठ मिलिसेकंदांत आटोपते. क्विनोनला कडं बंद करायला सवडच मिळत नाही, उरलेला वेळ इलेक्ट्रोड उणे ०.४ वर, म्हणजे डोपामीनला काही होणार नाही अशा जागी थांबतो. आणि १.३ व्होल्टला कार्बनचा वरचा थर स्वतःच किंचित झिजतो, म्हणजे प्रत्येक फेरीत इलेक्ट्रोड आपली कात टाकतो. वर मी खिडकी आखूड ठेवा म्हणाले आणि हे लोक १.३ ला जातात, यात विरोध नाही. आपण मधल्या व्होल्टेजला रेंगाळतो, तिथे थर बनतो पण जळत नाही. झीज होते म्हणजे फायबर हळूहळू बारीकही होतो, हे मात्र आलंच.

सेरोटोनिनचा थर डोपामीनपेक्षाही चिवट असतो. त्याच्यासाठी १९९० च्या दशकात वेगळा तरंग निघाला: ०.२ वरून १.० ला, तिथून उणे ०.१ ला आणि परत ०.२, सेकंदाला १,००० व्होल्टने. डोपामीनची सेटिंग तशीच ठेवून सेरोटोनिन मोजायला बसू नका.

आणि ऊतीतून काढलेल्या इलेक्ट्रोडचं कॅलिब्रेशन मोजणीनंतरही करा. आधीच्या कोऱ्या इलेक्ट्रोडच्या संवेदनशीलतेवरून काढलेली संहती खऱ्या संहतीपेक्षा कमीच निघणार.

जेवणाची सुट्टी

आता त्या मुलीकडे. द्रावण ताजं केलं, खिडकी आखूड केली, मोजणी डिफरन्शियल पल्सने सुरू केली. सकाळी अकरा ते एक, दर दहा मिनिटांनी एक, पिकं बऱ्यापैकी जागेवर. दीड वाजता जेवून आली, पुढचं पीक थेट तीस टक्के खाली. आदल्या दिवशीचं तिचं वाक्य तेव्हा मला आठवलं.

दोघी सॉफ्टवेअर उघडून बसलो. स्कॅन संपल्यावर सेल चालू ठेवायचा (इलेक्ट्रोडवर व्होल्टेज तसंच) की बंद, याची एक चौकट असते. तिच्यात टिक होती, बहुधा आधीच्या कोणाची तरी राहिलेली. सायक्लिक स्कॅन संपतो तिथूनच सुरू झालेला असतो, म्हणून त्यात हे फारसं जाणवत नाही. डिफरन्शियल पल्स मात्र वरच्या टोकाला संपते. म्हणजे ती डबा खात होती तो अर्धा-पाऊण तास इलेक्ट्रोड ०.४ व्होल्टवर डोपामीनमध्ये उभा होता, न थकता क्विनोन बनवत. बाहेर काढून ट्यूबलाइटखाली धरला तेव्हा काळ्या आरशावर फिकट, इंद्रधनुषी झाक दिसली, रस्त्यावर सांडलेल्या डिझेलसारखी.

टिक काढली. दोन मोजण्यांच्या मधल्या वेळेत सेल बंद, बंद ठेवायची सोय नसेल तर उणे ०.२ वर.

त्यानंतर आमच्याकडे प्रत्येक नव्या इलेक्ट्रोडला एक परीक्षा लावली आहे. रेषीय कॅलिब्रेशनचा आलेख कोणी आणला की मी आधी विचारते, दोन बिंदूंमध्ये पॉलिश केलं होतं का? केलं असेल तर तो आलेख पॅडचा आहे, सेन्सरचा नाही, कारण पेशींवर किंवा ऊतीत तासन्‌तास ठेवायच्या वस्तूला मध्येच घासता येत नाही. परीक्षा अशी: १० मायक्रोमोलर डोपामीन, नायट्रोजनखाली, दर पाच मिनिटांनी एक मोजणी, दोन तास, पॉलिश नाही, द्रावण दर अर्ध्या तासाला ताजं. पहिल्या आणि शेवटच्या पिकातली घट टक्क्यांत काढून वहीच्या पहिल्या पानावर लिहायची. तिची ११ टक्के आली. तिला ती कमी करायची होती, मी म्हटलं आधी तीन इलेक्ट्रोडांवर काढ आणि तिन्ही आकडे प्रबंधात टाक.